वाळू तीच, दाखला नाही

नकाशा उघडा आणि आफ्रिकेच्या वायव्य कोपऱ्यात, अटलांटिकच्या काठावर बोट ठेवा. एक भलामोठा देश सापडेल, मॉरिटानिया. त्याच्या डोक्यावर डाव्या अंगाला एक तुकडा आहे. काही नकाशांत तो राखाडी असतो, काहींत रेघारेघांचा, काहींत सरळ मोरोक्कोच्या रंगात रंगवलेला. तो पश्चिम सहारा. महाराष्ट्राहून थोडा लहान.

दोन्हीकडची वाळू एकच. वारा एकच. बोलतात ती हसानिया अरबीही एकच. दोन्हीकडच्या बायका तोच लांबलचक मेलफा डोक्यावरून घेऊन अंगाभोवती गुंडाळतात आणि दोन्हीकडे चहाचे तीन पेले रिचवल्याशिवाय पाहुण्याची सुटका नसते. रगीबात, उलाद द्लिम या जमातींची माणसं सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत. त्यांचे उंट पावसाच्या मागे जात होते. रेघ नंतर आली.

मॉरिटानिया १९६१ पासून संयुक्त राष्ट्रांचा सभासद आहे. पश्चिम सहाराचं नावही संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरी आहे, १९६३ पासून. फक्त ते सभासदांच्या यादीत नाही. ज्यांना अजून स्वतःचं राज्य मिळालेलं नाही, अशा प्रदेशांच्या यादीत आहे.

एकाला खुर्ची मिळाली, दुसऱ्याला फाइल.

असं का, हे विचारलं की ठरलेली उत्तरं येतात. आधी म्हणतात, लोक फार थोडे हो! पाच-सहा लाखांचा कसला देश?

मग मॉरिटानियाचं काय? १९६० साली तिथे दहा लाखही माणसं नव्हती, आणि जमीन होती दहा लाख चौरस किलोमीटरहून जास्त. म्हणजे माणशी एक चौरस किलोमीटरपेक्षा अधिक वाळू. तरी देश झालाच. प्रशांत महासागरातलं नाउरू तर २१ चौरस किलोमीटरचं बेट आहे. पश्चिम सहाराप्रमाणे त्याच्याकडेही होतं ते फॉस्फेटच. त्यालाही संयुक्त राष्ट्रांत खुर्ची आहे.

डोकी मोजून देश ठरत नाहीत. ठरत असते, तर निम्मा युरोप गळाला असता.

बरं, मग म्हणतात, तिथे राज्य नावाची गोष्ट कधी नव्हतीच. भटके लोक, तंबू, टोळ्या. राजधानीचा पत्ता नाही.

मॉरिटानियाची राजधानी कुठे होती, ठाऊक आहे? सेंट लुईला. आणि सेंट लुई कुठे? सेनेगलमध्ये! फ्रेंचांनी या वसाहतीचा कारभार शेजारच्या वसाहतीतल्या शहरातून चालवला. स्वातंत्र्य दाराशी आलं तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली, आणि १९५८ पासून समुद्राजवळच्या वाळूत नुआकशोत नावाची राजधानी उभी राहू लागली. २८ नोव्हेंबर १९६० रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा तिचं बांधकाम चालूच होतं.

आधी झेंडा, मग भिंती. तेव्हा कुणाची हरकत नव्हती.

एकाची मात्र होती. मोरोक्कोची.

इथे कान टवकारा. आज मोरोक्को पश्चिम सहाराबद्दल जे म्हणतो, ते सगळं तो तेव्हा मॉरिटानियाबद्दल म्हणत होता. ही भूमी आमचीच, वसाहतवाल्यांनी तोडली, इथल्या टोळ्या आमच्या सुलतानाला मानत होत्या. १९५६ साली अल्लाल अल्-फासी या राष्ट्रवादी पुढाऱ्याच्या बृहद् मोरोक्कोचा नकाशा छापून आला. त्यात पश्चिम सहारा होता, अल्जीरिया आणि मालीचे लचके होते, आणि अख्खा मॉरिटानियाही होता. मोरोक्कोने मॉरिटानियाला मान्यता दिली १९६९ साली. देश होऊन नऊ वर्षं झाल्यावर.

संयुक्त राष्ट्रांतही मॉरिटानियाचं घोडं अडलं होतं. १९६० च्या डिसेंबरात सोव्हिएत युनियनने नकाराधिकार वापरला. कारण? मॉस्कोला मंगोलिया आत हवा होता. अखेर २७ ऑक्टोबर १९६१ रोजी दोघे एकाच दिवशी आत गेले. सहाराच्या वाळवंटातल्या देशाचं प्रवेशपत्र गोबीच्या वाळवंटातल्या देशाशी बांधलेलं होतं.

तेव्हा ऐतिहासिक हक्क, टोळ्यांची निष्ठा, सुलतानाचा शिक्का हे दावे मॉरिटानियाच्या बाबतीत जगाने ऐकले आणि बाजूला ठेवले. मग तेच दावे उत्तरेकडच्या तुकड्याला लागू कसे होतात?

होत नाहीत. हे मी म्हणत नाही, हेगचं आंतरराष्ट्रीय न्यायालय म्हणालं.

१६ ऑक्टोबर १९७५ चं ते मत आहे. न्यायालयाने सांगितलं की स्पेनने पश्चिम सहारात वसाहत केली तेव्हा ही भूमी बेवारस नव्हती. काही टोळ्यांचे मोरोक्कोच्या सुलतानाशी निष्ठेचे संबंध होते, हेही मान्य केलं. मॉरिटानियाच्या बाजूचे काही संबंध होते, हेही मान्य केलं. पण यातला एकही संबंध भूमीवरच्या सार्वभौम मालकीचा नाही आणि इथल्या लोकांचा स्वतःचं भवितव्य ठरवण्याचा हक्क त्यामुळे बाधित होत नाही, असा निर्वाळा दिला.

निकाल इतका स्पष्ट होता. त्याच दिवशी मोरोक्कोचे राजे दुसरे हसन यांनी तो आपल्याच बाजूचा असल्याचं सांगून मोर्चाची घोषणा केली.

हिरवा मोर्चा. ६ नोव्हेंबरला साडेतीन लाख माणसं, हातात कुराण आणि झेंडे, सरहद्द ओलांडून आत. तिकडे माद्रिदमध्ये हुकूमशहा फ्रँको मृत्युशय्येवर. स्पेनने आदल्याच वर्षी इथे सार्वमत घेण्याचं कबूल केलं होतं आणि त्यासाठी शिरगणतीही केली होती. १४ नोव्हेंबरला स्पेनने मोरोक्को आणि मॉरिटानियाशी करार करून कारभार त्यांच्या हाती दिला. २० तारखेला फ्रँको गेला.

सहा दिवसांचं अंतर. घर सोडणाऱ्याने किल्ली शेजाऱ्यांना दिली. घरातल्या माणसांना उठवलंही नाही.

आणि घरातल्या माणसांचं म्हणणं माहीत नव्हतं, अशी सबब सांगायलाही जागा नाही. त्याच वर्षी मे महिन्यात संयुक्त राष्ट्रांचं पथक तिथे फिरून आलं होतं. आयव्हरी कोस्ट, क्युबा आणि इराण यांचे प्रतिनिधी त्यात होते. या तिघांचं एरवी कशावर एकमत झालं असतं? इथे झालं. स्वातंत्र्याच्या बाजूने प्रचंड बहुमत आहे, असं त्यांनी लिहून दिलं.

आता त्या करारातलं दुसरं नाव पुन्हा वाचा. मॉरिटानिया!

ज्या देशाला पंधरा वर्षांपूर्वी शेजारी गिळू पाहत होता, तोच त्या शेजाऱ्याबरोबर ताटाला बसला. १९७६ च्या एप्रिलमध्ये वाटणी झाली. उत्तरेकडचे दोन हिस्से मोरोक्कोला, दक्षिणेकडचा एक मॉरिटानियाला. राष्ट्राध्यक्ष मोख्तार उल्द दादा यांचं म्हणणं असं की दोन्हीकडचे लोक एकच आहेत, एका घरात यायला हवेत. लोक एकच होते, यात खोटं काही नाही. पण एक असणं आणि हो म्हणणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे भावकी एक असते म्हणून कुणी दुसऱ्याचा सातबारा आपल्या नावावर करून घेत नाही. निदान उघडपणे तरी.

पश्चिम सहाराच्या लोकांनी, सहरावींनी, हो म्हटलं नाही. १९७३ साली स्पेनविरुद्ध उभी राहिलेली पोलिसारिओ ही संघटना आता दोन शेजाऱ्यांविरुद्ध लढू लागली. २७ फेब्रुवारी १९७६ रोजी तिने सहरावी अरब लोकशाही प्रजासत्ताक जाहीर केलं. मॉरिटानिया दोघांतला दुबळा, म्हणून मार त्याला जास्त. लोहखनिजाच्या आगगाडीवर हल्ले झाले. जूनमध्ये तर पोलिसारिओची माणसं थेट नुआकशोतवर चालून आली. त्या मोहिमेत त्यांचा तरुण नेता अल्-वाली मुस्तफा सय्यद मारला गेला.

दोन वर्षांत मॉरिटानिया थकला. १० जुलै १९७८ रोजी लष्कराने उल्द दादांना खाली खेचलं. ५ ऑगस्ट १९७९ रोजी अल्जिअर्समध्ये मॉरिटानियाने पोलिसारिओशी करार करून आपला दावा सोडला आणि १९८४ साली सहरावी प्रजासत्ताकाला मान्यताही दिली.

ज्याच्यावर दावा होता तो दावेदार झाला, मग दावा सोडून मोकळा झाला. चोवीस वर्षांत एवढा प्रवास. चूक केली, किंमत मोजली, बाहेर पडला. याबद्दल मला मॉरिटानियाचं मोल वाटतं. सत्तापालट लष्करी होता, कारण थकव्याचं होतं, हे सगळं खरं. पण मागे फिरला, हेही खरंच.

मोरोक्को मागे फिरला नाही. मॉरिटानियाने सोडलेला हिस्सा त्याने दहा दिवसांच्या आत ताब्यात घेतला.

ही सरहद्द आली तरी कुठून? १९०० साली पॅरिसमध्ये स्पेन आणि फ्रान्स यांनी ती कागदावर ओढली. अटलांटिकमध्ये घुसलेलं एक चिंचोळं भूशिर आहे. ती रेघ त्याच्या मधोमध, उभी चिरत गेली. पूर्वेच्या अंगाला आज नुआदिबू हे मॉरिटानियाचं गजबजलेलं बंदर आहे. पश्चिमेच्या अंगाला ला गुएरा हे स्पेनने वसवलेलं गाव. एकाच भूशिराच्या दोन कडा. एका कडेला खनिजाची जहाजं भरतात, दुसऱ्या कडेला पडकी घरं वाळूत बुडताहेत आणि मॉरिटानियाचे शिपाई त्यांवर नजर ठेवून आहेत.

आत वाळवंटात तीच रेघ सरळ जाता जाता मध्येच वाक घेते. का, तर इजिलची मिठागरं फ्रान्सला हवी होती. माणसांसाठी रेघ वाकली नाही. मिठासाठी वाकली.

आणि मग तो बोगदा.

झुएरातच्या डोंगरातलं लोहखनिज नुआदिबूच्या बंदरात आणायला फ्रेंचांना रेल्वे हवी होती. जवळपास सातशे किलोमीटरचा मार्ग. सपाट, सोपी वाट स्पॅनिश हद्दीच्या कोपऱ्यातून जात होती. स्पेनच्या अटी फ्रान्सला पटल्या नाहीत. म्हणून शूम गावाजवळ कठीण खडकाचा कडा फोडून सुमारे दोन किलोमीटरचा बोगदा खणला. आजूबाजूला क्षितिजापर्यंत मोकळी वाळू, आणि आगगाडी डोंगराच्या पोटातून! १९६३ साली गाडी धावू लागली. अडीच किलोमीटरपर्यंत लांबीची, जगातल्या सर्वांत लांब आगगाड्यांपैकी एक.

आज तो बोगदा वापरात नाही. गाडी कोपरा कापून सुमारे पाच किलोमीटर पश्चिम सहाराच्या हद्दीतून जाते. तो भाग पोलिसारिओकडे आहे.

म्हणजे एका सार्वभौम राष्ट्राचं पोट ज्या गाडीवर चालतं, ती रोज एका अमान्य राष्ट्राच्या अंगणातून जाते. कुणी तिकीट मागत नाही, कुणी रूळ उखडत नाही. शेजारधर्म दोघांना कळतो. बाकीच्यांना तो कराराच्या मसुद्यात शोधावा लागतो.

आता मतदानाचं बघू. १९९१ साली युद्ध थांबलं. संयुक्त राष्ट्रांनी मिनुर्सो नावाची मोहीम पाठवली. या नावातला ‘र’ रेफरेंडमचा, सार्वमताचा. १९९२ च्या जानेवारीत मतदान ठरलं होतं. एकच प्रश्न होता, स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं?

मोहीम अजून तिथेच आहे. मतदान झालेलं नाही.

अडलं कुठे? मतदार यादीवर. इथला माणूस कोण, हे ठरवायचं होतं. पोलिसारिओ म्हणे, १९७४ ची स्पॅनिश शिरगणती धरा. तिच्यात सुमारे ७४ हजार माणसं नोंदलेली होती. मोरोक्को म्हणे, बाहेर गेलेल्या टोळ्यांचे वंशजही घ्या. मग छाननी सुरू झाली. टोळीचे वृद्ध प्रमुख समोर बसवले जात. आलेला माणूस कुणाचा मुलगा, कुणाचा नातू, कुठल्या पोटशाखेतला, हे ते तोंडी सांगत. जवळपास दोन लाख अर्जांतून २००० सालापर्यंत ८६,३८६ नावं पक्की झाली. त्यावर एक लाख तीस हजारांहून अधिक अपिलं पडली.

रहिवासी दाखल्यासाठी तहसील कचेरीत हेलपाटे घातलेल्या कुठल्याही मराठी माणसाला हे चित्र ओळखीचं वाटेल. फरक इतकाच की इथे दाखला एका माणसाचा अडला नव्हता, अख्ख्या लोकांचा अडला होता. या प्रदेशातल्या समुद्रकाठच्या एका मोठ्या शहराचं नाव आपल्या लिपीत लिहिलं की काय होतं, बघा. दाखला!

जेम्स बेकर. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री, मुरब्बी माणूस. १९९७ पासून ते संयुक्त राष्ट्रांचे खास दूत म्हणून खपत होते. २००३ साली त्यांनी नवी योजना मांडली. काही वर्षं स्वायत्तता, मग मतदान, आणि त्या मतदानात मोरोक्कोतून येऊन स्थायिक झालेल्यांनाही मत. हे शेवटचं कलम कुणाच्या फायद्याचं? उघड आहे, मोरोक्कोच्या.

पोलिसारिओने योजना स्वीकारली. मोरोक्कोने फेटाळली.

ज्याला निकालाची खात्री असते तो परीक्षेला घाबरतो का? पुढच्या वर्षी बेकर राजीनामा देऊन घरी गेले.

सार्वमत तिथे शक्यच नाही, असं हल्ली फार शहाणपणाने सांगितलं जातं. पूर्व तिमोरचं उदाहरण घ्या. तेच साल, १९७५. तिथून पोर्तुगाल निघाला आणि शेजारचा इंडोनेशिया सैन्य घेऊन घुसला. चोवीस वर्षं कबजा राहिला. १९९९ साली संयुक्त राष्ट्रांनी मतदान घेतलं, ७८ टक्क्यांहून अधिक लोक स्वातंत्र्याच्या बाजूने उभे राहिले. मतदानानंतर भयंकर हिंसाचार झाला. तरी २००२ साली देश उभा राहिला. तिकडे जमलं, कारण जमवायचं ठरवलं. नामिबियाही वाळवंटाचाच देश, त्यालाही दक्षिण आफ्रिकेने दडपून ठेवलं होतं. १९९० साली तोही स्वतंत्र झाला.

वाळूत मतपेटी बुडत नाही. ती ठेवावी लागते.

मोरोक्कोने तिथे रस्ते केले, बंदरं बांधली, पवनचक्क्या लावल्या, अल्-आयुनला शहराचं रूप दिलं. हे सगळं खरं आहे, मी नाकारत नाही. पण रस्ते इंग्रजांनीही केले होते. रेल्वेही त्यांचीच, टपालही त्यांचंच. मुंबईचं व्हीटी स्टेशन बघून लोकमान्य टिळक गप्प बसले होते का?

रस्त्यांबरोबर भिंतही बांधली. १९८० च्या दशकात सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा वाळूचा आणि दगडांचा बांध, दोन्ही अंगांना सुरुंग पेरलेले. पश्चिमेला समुद्र, मासळी, फॉस्फेट, शहरं. ती बाजू मोरोक्कोकडे. पूर्वेला ओसाड पट्टा. ती पोलिसारिओकडे.

आता पोलिसारिओची बाजू. ती काही निर्मळ नाही. मोहम्मद अब्देलअझीझ हे एकच गृहस्थ १९७६ पासून २०१६ पर्यंत, मरेपर्यंत, तिच्या प्रमुखपदी होते. ज्या लोकांसाठी मतपेटी मागायची, त्यांच्यासमोर नेतृत्वाला खरा पर्याय ठेवायचा नाही, हे खटकतं. अल्जीरियानेही सहरावी निर्वासितांच्या छावण्यांना जागा निव्वळ कनवाळूपणाने दिलेली नाही. त्याचं मोरोक्कोशी जुनं वैर आहे.

आणि मॉरिटानिया? १९७८ पासून २००८ पर्यंत एकामागून एक लष्करी उठाव झाले. गुलामगिरी कायद्याने बंद केली १९८१ साली, आणि तो गुन्हा ठरायला २००७ उजाडलं! गुलामांच्या वंशजांचा हरातीन समाज आजही तिचे चटके सोसतो. १९८९ साली तर हजारो कृष्णवर्णीय नागरिकांना नदीपार सेनेगलमध्ये हाकललं.

सांगायचं ते हेच. मॉरिटानियाला सार्वभौमत्व मिळालं, ते चांगल्या वर्तणुकीचं बक्षीस म्हणून मिळालं नव्हतं. मग सहरावींकडूनच आधी चारित्र्याचा दाखला का मागायचा?

आपणही यात कोरडे नाही. भारताने १ ऑक्टोबर १९८५ रोजी सहरावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली. दिल्लीत त्यांचा दूतावास उघडला. २००० च्या जून महिन्यात ती मान्यता आपण मागे घेतली. मधल्या पंधरा वर्षांत तिथे काय बदललं होतं? मतदान झालं नव्हतं. निर्वासित परतले नव्हते. न्यायालयाचं मत बदललं नव्हतं.

बदलला तो आपला हिशोब.

खरीप तोंडावर आला की आपल्याकडे डीएपीच्या गोणीसाठी दुकानासमोर रांगा लागतात. सोयाबीनवाला असो की ऊसवाला, ती पन्नास किलोची गोणी त्याला हवीच. तिच्यातलं फॉस्फेट आपल्या जमिनीत फारसं निघत नाही, बाहेरून येतं. जगातला सर्वांत मोठा साठा मोरोक्कोकडे आहे. गोव्यातल्या जुवारी नदीचं नाव लावणारा उद्योग आणि मोरोक्कोची सरकारी फॉस्फेट कंपनी यांनी भागीदारी करून २००२ साली ओडिशातल्या पारादीपच्या खतकारखान्याचा सरकारकडचा मोठा हिस्सा घेतला. मोरोक्कोशी आपलं नातं शेतातून जातं.

ते नातं तुटावं असं मी म्हणणार नाही. शेतकऱ्याला खत लागतं. पण पश्चिम सहारातल्या बू-क्राच्या खाणीचं फॉस्फेटही भारतात उतरलेलं आहे. ही खाण म्हणजे वाळवंटातला एक खड्डा. तिथून सुमारे शंभर किलोमीटर लांबीच्या पट्ट्यावरून माल समुद्रापर्यंत सरकत जातो. वाऱ्याने उडालेली भुकटी पट्ट्याच्या कडेला साचून अवकाशातून पांढरी रेघ दिसते. मोरोक्कोच्या खुद्द हद्दीत फॉस्फेट अफाट आहे. मग विकत घेताना कुठल्या खाणीचं, एवढं तरी विचारायला काय हरकत आहे? भाजीवाल्याला आपण विचारतोच की, कांदा नाशिकचा की कुठला.

युरोपच्या न्यायालयाने विचारलं. ४ ऑक्टोबर २०२४ रोजी त्याने युरोपीय संघ आणि मोरोक्को यांच्यातल्या मासेमारी आणि शेतमालाच्या करारांची पश्चिम सहारापुरती गाठ सोडवली, कारण तिथल्या लोकांची संमती घेतलेली नव्हती. खरबुजं आणि टोमॅटो तिथले असतील तर खोक्यावर पश्चिम सहाराचंच नाव हवं, असंही सांगितलं.

टोमॅटोला मिळाला मुळाचा दाखला. पिकवणाऱ्या मातीच्या माणसांना नाही.

दरम्यान मोठ्या देशांनी आपापले सौदे उरकले. १० डिसेंबर २०२० रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी पश्चिम सहारा मोरोक्कोचा म्हणून मान्य केला. त्याच दिवशी मोरोक्कोने इस्रायलशी संबंध जोडण्याचं कबूल केलं. एकाची जमीन, दुसऱ्याची मैत्री, तिसऱ्याची सही. पश्चिम सहाराला आपल्याच राज्यात ठेवून स्वायत्तता द्यायची, अशी मोरोक्कोची योजना आहे. २०२२ साली स्पेन तिच्यामागे गेला. तोच स्पेन, ज्याने सार्वमताचं कबूल केलं होतं. मग २०२४ साली फ्रान्स, २०२५ साली ब्रिटन. आणि ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव केला की वाटाघाटी मोरोक्कोच्या योजनेच्या आधारावर व्हाव्यात. अकरा मतं बाजूने. रशिया, चीन, पाकिस्तान तटस्थ. अल्जीरियाने मतदानात भागच घेतला नाही.

मोरोक्कोने तो दिवस राष्ट्रीय सण म्हणून जाहीर केला.

स्वायत्तता ही वाईट गोष्ट आहे, असं मी मानत नाही. कदाचित सहरावी उद्या तीच निवडतील. पन्नास वर्षं वाट बघितलेल्या माणसाला निम्मी भाकरीही हवी असू शकते. पण निम्मी की पूर्ण, हे ताटावर बसलेल्याने सांगायचं. वाढप्याने नाही.

आफ्रिकी संघात मात्र एक वेगळं दृश्य दिसतं. सहरावी प्रजासत्ताक तिथे पूर्ण सभासद आहे. त्याला आत घेतलं म्हणून मोरोक्को १९८४ साली संघटना सोडून गेला होता, तो २०१७ साली परत आला. आज दोघे एकाच सभागृहात बसतात. २०२४ साली या संघाचं अध्यक्षपद कुणाकडे होतं? मॉरिटानियाकडे, राष्ट्राध्यक्ष गझवानी यांच्याकडे. एकेकाळी ज्याला देश मानायला मोरोक्को तयार नव्हता, तो अध्यक्षाच्या खुर्चीत. समोर मोरोक्को. आणि त्याच सभागृहात ते भावंड, ज्याचा हिस्सा मॉरिटानियाने एकदा घेतला आणि परत केला.

तिंदूफ हे अल्जीरियातलं शहर, सरहद्दीजवळचं. त्याच्या आसपास सहरावी निर्वासितांच्या पाच मोठ्या छावण्या आहेत. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेने तिथली माणसं मोजली, ती १,७३,६०० भरली. उन्हाळ्यात पारा पन्नाशीकडे सरकतो. २०१५ साली मुसळधार पाऊस झाला आणि मातीची हजारो घरं विरघळून गेली. धान्य मदतीचं, पाण्याचे टँकर मदतीचे. १९७६ साली तिथे जन्मलेलं मूल आता पन्नाशीला आलं. त्याची मुलंही तिथेच जन्मली, काहींची नातवंडंही.

छावण्यांना त्यांनी आपल्या सुटलेल्या शहरांची नावं दिली आहेत. अल्-आयुन, स्मारा, औसर्द, बुजदूर. पाचवी छावणी बाकीच्यांपासून फार दूर, एकटी पडलेली आहे. जिच्यावरून तिचं नाव ठेवलं, ती नगरी समुद्रात शिरलेल्या भूशिरावर आहे, तिच्या दोन्ही बाजूंना पाणी. छावणीच्या चारही बाजूंना वाळू.

तिथे जन्मलेल्या पोरीला गाव विचारलं, तर ती सांगते, दाखला.